हिशेबाची वही कोणाच्या घरी?

गेनबिटकॉइन या योजनेविरुद्ध २०१८ साली पुण्यातील दत्तवाडी आणि पिंपरी-चिंचवडमधील निगडी या पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदविले गेले. दरमहा दहा टक्के परतावा, तोही अठरा महिने, असे योजनेचे आमिष होते. मार्च २०२२ मध्ये प्रकरणाला निराळेच वळण लागले. तपासात साहाय्य करण्यासाठी ज्या दोन तंत्रज्ञांना पाचारण केले होते, त्यांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. तपासातील आभासी चलन आपल्याकडे वळविले आणि शिल्लक कमी दाखविणारे, फेरफार केलेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला.

आरोपांचा निवाडा न्यायालय करील. चळवळीपुढील प्रश्न वेगळा आहे. बिटकॉइनची संपूर्ण खातेवही जगातील कोणालाही उघडता येते. मग शिल्लक दुसऱ्याने दिलेल्या चित्रावरून पाहण्याची पाळी का यावी? वहीचे चित्र म्हणजे वही नव्हे.

ही वही स्वतःच्या संगणकावर ठेवणे म्हणजेच फुल नोड चालविणे. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतची प्रत्येक नोंद नोड स्वतः तपासतो : सही खरी आहे काय, तेच नाणे दोनदा खर्चिले गेले काय, ठरल्यापेक्षा अधिक नाणी निर्माण झाली काय. कोट्यवधींची यंत्रे लावून ब्लॉक तयार करणाऱ्या बड्या भांडवलदाराने नियम मोडला, तर एखाद्या कामगाराच्या खोलीतील नोडही तो ब्लॉक नाकारतो. या कामाचा मोबदला मात्र कोणी देत नाही.

यासाठी लागणारी सामग्री अवाढव्य नाही. उबुंटू किंवा डेबियन लिनक्स असलेला साधा संगणक, एक टेराबाइटची एसएसडी आणि अखंड इंटरनेट पुरते. वही सहाशे गिगाबाइटांच्या पुढे गेली आहे. जागा कमी असल्यास सर्व तपासून जुने ब्लॉक टाकून देण्याची सोयही आहे. बिटकॉइन कोअर हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. तो उतरविल्यावर त्याची बेरीज आणि विकासकांच्या सह्या पडताळाव्यात. अविश्वासाचा हा निरोगी धडा पहिल्याच पायरीवर मिळतो. पहिली तपासणी पुरी होण्यास यंत्राच्या कुवतीप्रमाणे काही दिवस लागू शकतात. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी वीज गेली, तरी परत आल्यावर नोड आपोआप सुरू व्हावा म्हणून सिस्टमडीमध्ये त्याची नोंद करावी. मग ‘स्कॅनटीएक्सआउटसेट’ या आज्ञेने कोणत्याही पत्त्यावरील शिल्लक स्वतः पाहता येते. तज्ज्ञाच्या स्क्रीनशॉटची गरज उरत नाही.

समाजवाद्यांनी सट्टेबाजांच्या या यंत्राकडे का पाहावे, असा आक्षेप येईल. आक्षेप निराधार नाही. या चलनात सट्टा आहे, विजेची उधळपट्टी आहे, आणि ब्लॉक निर्माण करण्याची शक्ती मोजक्या हातांत एकवटली आहे. पत्त्यामागील चावी कोणाच्या हाती आहे, दहा टक्क्यांचे वचन खोटे आहे काय, हे नोड सांगत नाही. नोड म्हणजे समाजवाद नव्हे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे.

परंतु वहीचा प्रश्न सट्टेबाजांचा नाही. तो शोषितांचा जुना प्रश्न आहे. निरक्षर शेतकऱ्याला कागदपत्रांच्या जोरावर कसे नागविले जाते, हे जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखविले. चाकणच्या कंत्राटी कामगाराला अक्षरओळख आहे, हातात मोबाइल आहे. तरीही पगारातून कापलेली रक्कम भविष्यनिर्वाह निधीत जमा झाली की नाही, हे त्याला दुसऱ्याच्या पडद्यावरूनच कळते. गेनबिटकॉइनच्या सभासदांनाही दिसत होते ते योजनेच्या संकेतस्थळावरील आकडे. अक्षर आले, वही आली नाही.

ती सामान्यांच्या आवाक्यात राहणे हाही संघर्षाचाच विषय आहे. ब्लॉक मोठे करावेत की नाही, यावरून २०१७ साली बिटकॉइनमध्ये फूट पडली. वही फार फुगली तर साध्या माणसाला नोड परवडणार नाही, हा मोठ्या ब्लॉकांच्या विरोधकांचा एक प्रमुख मुद्दा होता. वही केवळ खुली असून भागत नाही. ती ठेवण्याची ऐपतही बहुतांकडे असावी लागते.

म्हणून भोसरी-चाकणच्या अभ्यासमंडळांनी एक जुना संगणक मिळवावा, आयटीआयच्या तरुणांना हाताशी धरावे आणि एक नोड उभा करून पाहावा. चलन विकत घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. नोडला एकही नाणे लागत नाही. हिशेब स्वतः तपासण्याची सवय लागली, की तीच माणसे उद्या ठेकेदाराला, पतसंस्थेला आणि सरकारलाही विचारतील : चित्र नको, वही दाखवा.