अठराव्या वर्षानंतर कोणत्या ओपीडीत?

दर पाच हजार जन्मांमागे साधारण एका बाळाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. तो भाग सैल पडत नाही, शी अडते, पोट फुगतं. डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये हा आजार मांडला. सदोष भाग काढून निरोगी आतडं खाली ओढून जोडण्याची स्वेन्सन यांची शस्त्रक्रिया १९४८ मध्ये आली. आज ही बाळं वाचतात, शिकतात, लग्न करतात. ती मोठी झाली, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या मात्र गावीही नाही.

अनेकांचा त्रास वयाबरोबर कमी होतो. काहींचं बद्धकोष्ठ, नकळत कपडे खराब होणं मोठेपणीही सुटत नाही. सोलापुरात त्याचा हिशोब रोकडा आहे. यंत्रमागावर मजुरी विणलेल्या मालावर, विडीची हजारावर. चार वेळा उठलं की तेवढी कमाई बुडाली. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे धुणंही मोजूनमापून. असा माणूस डब्याखाली जादा कपडे ठेवतो, कामाआधी भाकरी टाळतो, लांबच्या एसटीला नको म्हणतो. लग्नाची बोलणी सुरू झाली की पोटावरच्या व्रणाचं काय सांगायचं, यावर घरात कुजबुज होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. तो अठराव्या वर्षी थांबतो. त्यातल्या नऊ जन्मजात दोषांत दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, आतडं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही नाही.

मूठभर रुग्णांसाठी वेगळा विभाग कशाला, असं कोणी म्हणेल. विभाग नकोच. सोलापूरच्या सिव्हिलला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. तिथे महिन्यातून एक दिवस लहान मुलांचे आणि मोठ्यांचे सर्जन एकत्र बसले तरी पुष्कळ झालं. अठरा पूर्ण होताना प्रत्येकाला एक कागद मिळावा: कोणती शस्त्रक्रिया, किती आतडं काढलं, बायोप्सीत काय आलं. स्वेन्सन, दुहामेल, सोव्ह या पद्धतींत जोडणी वेगवेगळी असते. ती माहीत नसेल तर पुढच्या डॉक्टरला अंदाजानेच चालावं लागतं. आजार काही घरांत आनुवंशिक असतो, म्हणून तो कागद पुढच्या पिढीलाही लागेल.

तोवर आई-वडिलांनी एवढं करावं: जुनं डिस्चार्ज कार्ड रद्दीत घालू नये आणि मूल जाणतं झालं की ते त्याच्या हाती द्यावं.