आता कोणी अल्पसंख्याक नाही!

वाद रंगात आला की माझ्या एका मित्राचं ठरलेलं वाक्य असतं, "देश एक हवा ना? मग भाषा एक, इतिहास एक. नाहीतर फुटलाच समजा." ऐकायला झकास वाटतं. पण आपल्या एका शेजाऱ्याने हा प्रयोग करून झालाय. त्याचा निकाल वाचावा आणि मग बोलावं. शेजारी म्हणजे श्रीलंका.

इंग्रजांच्या काळात तिथली मागणी होती 'स्वभाषे'ची. कारभार इंग्रजीत आणि बहुतेकांना इंग्रजी येत नाही, तेव्हा तक्रार रास्तच. १९४४ साली तिथल्या स्टेट कौन्सिलने सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांसाठी ठराव केला. म्हणजे रस्ता समोर होता. पण १९५६ च्या निवडणुकीत बंडारनायके 'चोवीस तासांत फक्त सिंहली' म्हणाले आणि जिंकले. ५ जूनला कायद्याविरुद्ध चेल्वनायकम आणि त्यांचे सहकारी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर शांतपणे सत्याग्रहाला बसले, तर जमावाने त्यांना झोडपून काढलं. दोन भाषा ठेवल्यात तर देश एक राहील, एकच ठेवलीत तर देश दोन होतील, असं कॉल्विन डिसिल्व्हा संसदेत बजावत होते. हा माणूस स्वतः सिंहली. पण ऐकतो कोण!

"सत्तर टक्के लोकांची भाषा राजभाषा झाली तर बिघडलं काय?" इति मित्र. सांगतो ना. तमिळ कारकुनाची बढती सिंहलीच्या परीक्षेवर अडकली. बंडारनायक्यांनी १९५७ साली चेल्वनायकमांशी समझोता केला आणि भिक्खूंच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी मोडला. १९७० च्या दशकात विद्यापीठात शिरायला तमिळ मुलांना जास्त मार्क लागू लागले. १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं, ९० हजारांवर पुस्तकांची राख झाली. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल. तमिळ 'सुद्धा' राजभाषा झाली ती १९८७ मध्ये, तोवर युद्ध पेटलेलं होतं. जी फूट टाळायची म्हणून हा सगळा खटाटोप, ती या खटाटोपानेच पाडली.

आणि वाघ काय साधू होते? मुळीच नाही. प्रभाकरनने तीच गोष्ट तमिळमध्ये लिहिली. १९९० साली उत्तरेतल्या हजारो मुसलमानांना त्याच्या लोकांनी घरादारासकट उठवलं. ते बोलत होते तमिळच, बरं का! भाषा एक असूनही भागलं नाही.

मे २००९ मध्ये युद्ध संपलं. राष्ट्राध्यक्ष महिंद राजपक्ष संसदेत म्हणाले की 'अल्पसंख्याक' हा शब्दच आम्ही काढून टाकलाय, आता लोक दोनच प्रकारचे, देशावर प्रेम करणारे आणि न करणारे. वा! बग नोंदवायचा फॉर्मच उडवला की सॉफ्टवेअर निर्दोष, तसं हे. प्रेम आहे की नाही हे तपासणार कोण, तर सरकार. पुढे २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत तमिळमध्येही गायलं गेलं. चाल तीच, अर्थ तोच. २०२० मध्ये महिंदांच्या भावाच्या राजवटीत तेही बंद. एवढ्यानेही ज्यांचा देश हलतो त्यांना मजबूत कसं म्हणायचं?

२०२२ मध्ये पेट्रोल संपलं, औषधं संपली आणि सिंहली लोकच राजपक्षांविरुद्ध गॉल फेसला जमले. १८ मे ला तिथे युद्धात मेलेल्या तमिळांची आठवण जाहीरपणे काढली गेली, सिंहली माणसंही उभी होती. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत अडकलेले लोक ज्या पातळ पेजेवर जगले, ती पेज वाटली. १९५६ ला सत्याग्रही जिथे मार खात होते तेच हे मैदान.

एवढ्याने सगळं मिटलं असं नाही. पण तिथे कोणी कोणाला "आधी तुझं देशप्रेम सिद्ध कर" म्हणत नव्हतं. इतकं साधं आहे ते. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "आपलं वेगळं आहे." १९५६ साली तेही हेच म्हणत असणार. असो.