दोन ताटे

आमच्या एका वाचक भगिनीने गणेशचतुर्थीनंतर आम्हांस एक पत्र पाठविले. पत्र पानभराचेच, परंतु त्याने आम्हांला दोन-तीन रात्री जागविले. त्या ख्रिस्ती आहेत. लग्न होऊन ज्या वाड्यात आल्या तेथील बाकीची सारी बिऱ्हाडे हिंदूंची. चतुर्थीच्या दुपारी घरोघरून प्रसादाची ताटे येतात. ‘ताट घ्यावे तर रविवारी उपासनेस बसले असता मन खाते, न घ्यावे तर ज्यांनी माझे बाळंतपण निभावले त्यांनाच दुखवावे लागते. सासूबाई म्हणतात, घे आणि गाईला घाल. यजमान म्हणतात, खाऊन टाक, एवढा विचार कसला करतेस? मी काय करावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

हे मासिक ज्या घरांत जाते त्यांतील बहुतेक घरे हिंदूंची आहेत. त्यांना वाटेल, हा प्रश्न आमचा नव्हे. परंतु ताट पाठविणारे हात त्यांचेच आहेत. तेव्हा त्यांनीही ऐकावे.

सासूबाईंचा उपाय आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. आमचे बालपण बेळगावात अशाच एका वाड्यात गेले. चतुर्थीला शेजारच्या काकू क्रोशाच्या रुमालाने झाकलेले ताट घेऊन येत. आमची आई ते हसतमुखाने घेई, मोदकांची स्तुती करी, आणि काकू पाठमोऱ्या झाल्या की परसदाराने जाऊन सारे गवळ्याच्या गाईपुढे ठेवी. ताट मात्र तिने कधी रिकामे परत केले नाही. धुऊन, पुसून, त्यात मूठभर साखर घालूनच पाठवी. आम्ही भावंडे त्या गाईकडे ज्या नजरेने पाहत असू, ती ख्रिस्ती नजर खचितच नव्हती.

एके वर्षी काकूंच्या धाकट्या मुलाने परसातून हा प्रकार पाहिला. घरी जाऊन त्याने तो सांगितला असणारच. काकू काही बोलल्या नाहीत. पुढल्या चतुर्थीला मात्र त्या दुपारऐवजी सकाळीच आल्या. हातात दोन ताटे. ‘वहिनी,’ त्या म्हणाल्या, ‘हे आधीच बाजूला काढले आहे. देवापुढे गेलेले नाही. हे पोरांना घाला. दुसरे नैवेद्यानंतरचे, ते मागाहून भरून आणते; त्याचे तुम्हांला काय करायचे ते करा.’

ज्या घरात नैवेद्य झाल्यावाचून लहान मुलालाही मोदकाचा कण मिळत नाही, त्या घरातील बाईने आमच्यासाठी नैवेद्याआधी मोदक काढून ठेवले होते. आमचा नियम राखण्यासाठी तिने आपला मोडला होता. आईला ते तत्क्षणी उमगले. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढल्या वर्षी ती स्वतः काकूंकडे गेली आणि म्हणाली, ‘आता आधी काढू नका. तुमच्या रीतीने होऊ द्या. पोरे खातील. मला मात्र जमायचे नाही, राग मानू नका.’ काकूंनी राग मानला नाही. नाताळात आमच्याकडील करंज्या त्यांच्याकडे जात, त्या आई वेगळ्या कढईत तळी. केकच्या भांड्याचा स्पर्शही तिला होऊ देत नसे. कारण काकूंना अंडे चालत नव्हते. आईने स्वतः तो मोदक अखेरपर्यंत खाल्ला नाही.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीस देशातील करिंथ या व्यापारी शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने तो प्रेषित पौलाला विचारला होता. तेथे देवळांत बळी दिलेल्या पशूंचे मांस पुढे बाजारात विकावयास येई, आणि ते खावे की नाही यावरून मंडळीत दोन तट पडले होते. पौलाने आपल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय या एका विषयाला दिले आहेत. आम्हांला त्या उत्तराचे नेहमी नवल वाटते. कारण ते हो किंवा नाही असे नाहीच. मूर्ती काही नव्हे, अन्नाने कोणी देवाच्या जवळ जात नाही की दूर होत नाही, हे तो निःशंकपणे मान्य करतो. कोणी जेवावयास बोलाविले तर पानात पडेल ते चौकशी न करता खावे, असेही सांगतो. परंतु तुझ्या खाण्याने ज्याची सदसद्विवेकबुद्धी घायाळ होईल असा एखादा बंधू शेजारी बसला असेल, तर त्याच्यासाठी खाऊ नकोस, म्हणतो. प्रश्न पानातल्या पदार्थाचा होता. पौलाने तो पंगतीत शेजारी कोण बसले आहे यावर नेऊन ठेवला.

आमच्या भाषेत या गोष्टीचा सर्वांत प्रामाणिक जबाब एका स्त्रीने देऊन ठेवला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्याच्याजवळ परत आल्या, त्याही आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. मनातली जातीची भिंत त्यांनी स्वतः विचार करून, आपल्याच हातांनी पाडली आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लोक हसतात, आणि हसावेच. परंतु त्या वेगळ्या चुलीची पाने आम्ही हसत वाचू शकत नाही. एका छपराखाली दोन चुली पेटत असता जो नवरा धीर धरून राहिला, त्याची कविता आम्ही वर्गात अनेकदा शिकविली; त्याचा तो धीर शिकविणे मात्र आम्हांला साधले नाही.

आमच्यावर स्वतःवर हा प्रसंग शाळेत आला. मुख्याध्यापक होऊन आम्हांला चार महिने झाले होते. दसऱ्याच्या सुटीपूर्वी पाटीपूजन होते. मुले पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात, हार, फुले, खिरापत सारे असते, आणि नारळ मुख्याध्यापकाने वाढवावयाचा अशी शाळेची चाल. आम्ही आदल्या दिवशी एक युक्ती योजली होती: तालुक्याच्या कार्यालयात काम काढावयाचे आणि त्या वेळी शाळेत नसावयाचे. ऑर्डर-बुकात तशी नोंदही केली. रात्री ती नोंद डोळ्यांपुढून हलेना. गवळ्याच्या गाईची आठवण झाली. आम्हीही परसदारच शोधीत होतो.

सकाळी आम्ही शिक्षकांना एकत्र बोलावून सरळ सांगितले की, नारळ आमच्याकडून वाढविला जाणार नाही, आम्ही हात जोडून उभे मात्र राहू, आणि खिरापत वाटण्याचे काम आम्हांला द्यावे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग आमचे शिपाईमामा म्हणाले, ‘सर, नारळ मी फोडतो. तीस वर्षे पूजेनंतरची टरफले मीच उचलतो आहे.’ सगळे हसले. त्या दिवशी आम्ही सातवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या हातावर खिरापत ठेवली. पुढे आमच्याच मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी हात जोडून उभे राहणेही गैर ठरवून आमच्याशी बोलणे सोडले, आणि एका पालकाने नारळ न वाढविणे हा सरस्वतीचा अपमान ठरविला. दोघांनाही आम्ही समजावू शकलो नाही. त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे असेल असेही आम्हांला वाटत नाही. रात्री कधी कधी ते बरोबर वाटते.

तेव्हा भगिनीस आम्ही इतकेच लिहिले की, खा किंवा खाऊ नका. परंतु गाईला घालू नका. ज्या बाईने बाळंतपणात रात्री जागविल्या, तिला एकदा स्वयंपाकघरात बसवून आपली अडचण सांगा. ती सकाळीच दोन ताटे घेऊन येईल अशी हमी आम्ही देत नाही.

‘आपण स्वतः काय करता?’ असेही त्यांनी पत्राच्या तळाशी विचारले आहे. आम्ही खातो. आमची धाकटी बहीण मात्र आईवर गेली आहे. ती खात नाही, आणि आम्ही खाल्लेले तिला सोसत नाही. चतुर्थीला ती बहुधा आमच्याकडे असते. तिच्यासमोर आम्ही ताटावरचा रुमाल काढीत नाही. संध्याकाळी ती परत निघते, फाटकापर्यंत जाते, आणि वळून म्हणते, ‘दादा, आता खा मोदक. गार झाले असतील.’