वाइन हृदयाला चांगली असते ना, डॉक्टर?

हा प्रश्न मला दवाखान्यात महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा पन्नाशीचा असतो, हातात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट असतो आणि चेहऱ्यावर "हो म्हणा ना" असा भाव असतो. तुम्हीही हा प्रश्न कधीतरी कुणाला विचारला असेल, किंवा कुणाच्या ग्लासकडे बघत मनातल्या मनात त्याचं उत्तर दिलं असेल. आज त्याबद्दल माझं मत सविस्तर लिहितो. त्याआधी एक प्रसंग सांगतो. ज्याच्यावर तो ओढवला त्या मित्राची परवानगी घेतली आहे.

मढची ती रात्र

आमच्या शाळेच्या ग्रुपमधला एक मित्र दोन वर्षांपूर्वी चार दोस्तांबरोबर इटलीला जाऊन आला. टस्कनीतली छोटी गावं, द्राक्षांचे मळे, दुपारी दोन तास चालणारं जेवण आणि प्रत्येक जेवणाला वाइन. आठ दिवसांनी परत आला तो टवटवीत होऊन. झोप सुधारली होती, वजनही थोडं उतरलं होतं. त्याचा निष्कर्ष तयार होता, "रोज वाइन प्यायलो, त्याचा परिणाम!"

आम्हा बाकीच्यांना इटली परवडणारी नव्हती. मग ठरलं की आपली इटली जुन्नर तालुक्यात करायची. फेब्रुवारी महिना, द्राक्षांचा हंगाम. पुण्याहून निघालो, नारायणगावला शेतावरची ताजी द्राक्षं घेतली आणि आळेफाटा, ओतूर करत माळशेजच्या अलीकडे मढला पोचलो. पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याजवळ एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आठ जणांची सोय होती. इटलीवाल्या मित्राने नाशिकच्या वाइनच्या बाटल्या आणल्या होत्या.

संध्याकाळी पाण्याच्या कडेने दोन तास फिरलो. परत आलो तेव्हा चुलीवर मासवडीचा रस्सा चढला होता. मासवडी हा काही घाईचा पदार्थ नाही. तोवर चिवडा आणि वाइन सुरू झाली. घरच्या मावशी दोनदा सांगून गेल्या, "दादा, आधी दोन घास खाऊन घ्या, मग बसा निवांत." कोण ऐकतंय!

आमच्यातला एक जण मधुमेही. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू. त्याने सवयीने साडेसातला गोळी घेतली, जेवण होणार म्हणून. जेवण झालं साडेनऊला, आणि तोवर तीन ग्लास झाल्यामुळे त्याने अर्धी भाकरीही खाल्ली नाही. साडेदहाला तो असंबद्ध बोलू लागला, चिडला, मग गादीवर आडवा झाला. सगळे हसले. "चढलीय रे, झोपू दे."

मीही हसलो, हे कबूल करतो. मग त्याच्या अंगावर पांघरूण घालायला गेलो, तर फेब्रुवारीच्या थंडीत त्याचा शर्ट घामाने चिंब भिजलेला. बॅगेत ग्लुकोमीटर होता म्हणून वाचलो. साखर ४१.

त्याला गिळता येत होतं. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, पुन्हा पाजलं, मग भात खाऊ घातला. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून पहाटेपर्यंत ठरावीक वेळाने बोट टोचत बसलो. त्या रात्री मला सर्वांत जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तो बेशुद्ध झाला असता, तर अंधारात गाडी काढून मोठं रुग्णालय गाठायला लागलं असतं. गाडी चालवणार कोण? आम्ही सगळेच प्यायलेलो होतो. मीसुद्धा एक ग्लास घेतला होता.

असं का झालं?

उपाशीपोटी असताना रक्तातली साखर टिकवण्याचं काम यकृत करतं. साठवलेली साखर सोडतं आणि गरज पडली तर नवी तयार करतं. शरीरात अल्कोहोल गेलं की यकृत आधी ते निस्तरायला घेतं आणि नवी साखर तयार करण्याचं काम मागे पडतं. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन साखर खाली ओढत असेल, भरपूर चालणं झालं असेल आणि पोट रिकामं असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हे प्यायल्यानंतर कित्येक तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशी सकाळीही होऊ शकतं.

साखर उतरल्याची लक्षणं बघा: बोलण्यात गडबड, तोल जाणं, चिडचिड, गुंगी. दारू चढल्याची लक्षणंही हीच. म्हणून पार्टीत मधुमेही माणसाला "झोपू दे" म्हणणं जिवावर बेतू शकतं.

मग "वाइन हृदयाला चांगली" हे आलं कुठून?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक कल्पना जगभर गाजली. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, आणि याचं श्रेय रेड वाइनला. पुढे द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल नावाच्या द्रव्याचं कौतुक सुरू झालं. रोज थोडी पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे अभ्यासही आले.

या अभ्यासांत एक मोठी गोम होती. "न पिणारे" या गटात असे अनेक लोक होते, ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. आजारी माणसांशी तुलना केली की थोडी पिणारे धडधाकटच दिसणार. शिवाय जेवताना एक ग्लास वाइन घेणारी माणसं बऱ्याचदा सुस्थितीतली, शिकलेली, वेळेवर डॉक्टरकडे जाणारी असतात. फायदा त्यांच्या परिस्थितीचा, आणि नाव वाइनचं.

रेस्व्हेराट्रॉलचा हिशेबही जमत नाही. लिटरभर वाइनमध्ये ते साधारणपणे काही मिलिग्रॅम असतं. प्रयोगांत दिलेले डोस शेकडो मिलिग्रॅमचे. तेवढं वाइनमधून मिळवायचं तर दिवसाला डझनावारी बाटल्या लागतील.

आणि ज्या गावांची स्वप्नं आपण बघतो, तिथेच याची तपासणी झाली आहे. इटलीतल्या टस्कनीमधला कियांती हा वाइनसाठी प्रसिद्ध मुलूख. तिथल्या दोन गावांतल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीतले रेस्व्हेराट्रॉलचे अंश मोजले आणि नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जास्त होतं, ते जास्त जगले नाहीत, आणि त्यांना हृदयविकार किंवा कर्करोगही कमी झाला नाही.

आपल्या लोकांचं काय? हृदयविकाराच्या झटक्याची कारणं शोधणारा इंटरहार्ट नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे. त्यातल्या दक्षिण आशियाई लोकांची माहिती २००७ साली वेगळी प्रसिद्ध झाली. त्यात नियमित मद्यपानाचा हृदयाला फायदा दिसला नाही. दुसऱ्या बाजूला, अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्टच सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित म्हणावं असं मद्याचं कुठलंही प्रमाण नाही.

"वाइन म्हणजे दारू नव्हे"

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे वाक्य सगळीकडे फिरत होतं. द्राक्ष उत्पादकाला चार पैसे मिळावेत याला माझा विरोध असण्याचं कारण नाही. बागाईतदाराचे कष्ट मी जवळून पाहिलेत. एक अवकाळी पाऊस वर्षभराची मेहनत धुऊन नेतो. पण शेतकऱ्याचं भलं हा एक मुद्दा आणि तुमचं यकृत हा दुसरा. यकृताला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही.

साधा हिशेब करा. १३ टक्के अल्कोहोलची ७५० मिलीची एक बाटली म्हणजे जवळपास ७७ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये याहून कमी असतं. १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे साधारण दीड छोटा पेग. तीन ग्लास "फक्त वाइन" पिणाऱ्या माझ्या मित्राने चार-साडेचार पेग घेतले होते. नुसती व्हिस्की असती तर त्याने इतकी घेतली नसती, हे त्याने स्वतःच मला सांगितलं.

गंमत बघा. नारायणगावला घेतलेल्या द्राक्षांना त्याने दिवसभर हात लावला नव्हता. का? "साखर वाढेल." मूठभर द्राक्षं जेवणाच्या हिशेबात बसवून बहुतेक मधुमेही खाऊ शकतात. ती चुकवून त्याच फळाच्या दारूचे तीन ग्लास घेणं, हे आपल्या समजुतींचं चित्र आहे.

मग इटलीत बरं वाटलं ते कशामुळे?

आता मुख्य मुद्दा. इटलीवाल्या मित्राची तब्येत खरोखरच सुधारली होती. पण त्याने आठ दिवसांत वाइनशिवाय काय काय केलं, ते मी त्याला विचारलं. चढ-उताराच्या गल्ल्यांतून रोज आठ-दहा किलोमीटर चालला. जेवला सावकाश, गप्पा मारत, मोबाइल बाजूला ठेवून. ताज्या भाज्या, डाळी, ऑलिव्ह तेल. ऑफिसचा फोन नाही. रात्री आठ तास झोप. आणि चोवीस तास जुन्या दोस्तांची संगत. या सगळ्यात वाइन फक्त हजर होती, आणि श्रेय घेऊन गेली.

संगतीचं महत्त्व मी भावनेच्या भरात सांगत नाही. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध, मैत्री घट्ट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, वाइनच्या अभ्यासांना लावलेली कसोटी इथेही लावायला हवी. फरक एवढाच की मैत्रीने यकृत खराब होत नाही आणि कर्करोगही होत नाही. इथे चुकलो तरी नुकसान नाही.

अमेरिकेतलं रोझेटो हे इटलीतून आलेल्या लोकांचं गाव १९६०च्या दशकात याच कारणाने गाजलं. तिथले लोक डुकराच्या चरबीत रांधत, धूम्रपान करत, वाइन पीत, तरी आजूबाजूच्या गावांपेक्षा हृदयविकाराचे मृत्यू कमी. डॉक्टरांना फरक दिसला तो तीन पिढ्या एकत्र राहण्यात, शेजारपाजाऱ्यांच्या सोबतीत. पुढच्या काळात ही वीण सैल झाली आणि हृदयविकार इतर गावांच्या बरोबरीला आला.

तुम्ही जाणार असाल तर

जरूर जा. मढला जा, खिरेश्वरला जा, हरिश्चंद्रगडाकडे बघत बसा, फेब्रुवारीत द्राक्षं खा. कुणाला पिण्यापासून थांबवायला मी येणार नाही. प्रौढ माणसाने माहिती घेऊन ठरवावं. पण एवढं करा:

१. आधी जेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन ताटावर बसतानाच घ्या. ग्लुकोमीटर आणि साखर जवळ ठेवा. सल्फोनिलयुरिया गटातली गोळी (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) किंवा इन्सुलिन चालू असेल तर न पिणंच उत्तम.

२. मधुमेही मित्र घामाघूम, गोंधळलेला दिसला तर आधी साखर तपासा. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ला फोन करा.

३. फॅटी लिव्हर, झोपेच्या गोळ्या, फिट्सचा आजार, पूर्वी दारूचं व्यसन, गरोदरपण: यांपैकी काहीही असेल तर एक ग्लासही नको.

४. प्यायल्यावर धरणाच्या पाण्यात उतरू नका. पाणी वरून शांत दिसतं, तळाचा अंदाज येत नाही.

५. एक जण न पिणारा ठरवा आणि गाडी त्याच्याकडे द्या. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती एका मोठ्या ग्लासानेही ओलांडली जाऊ शकते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं. रात्री बाटली संपवली तर सकाळी माळशेज घाटातही ती तुमच्याबरोबर असते. काळ्या कॉफीने यात फरक पडत नाही.

६. जो घेत नाही त्याला आग्रह करू नका. "एकाने काय होतंय" म्हणणाऱ्याला समोरच्याच्या गोळ्या माहीत नसतात.

आम्ही यंदाही मढला गेलो. तेच आठ जण, तेच घर. या वेळी मावशींनी हाक मारल्याबरोबर सगळे पानावर बसलो. नंतर दोघांनी थोडी वाइन घेतली, बाकीच्यांनी नाही. गप्पा मात्र रात्री दीडपर्यंत चालल्या. साखर ४१ झालेला मित्र सर्वांत शेवटी झोपायला गेला, आणि जाण्याआधी त्याने दहा द्राक्षं मोजून खाल्ली.

तेव्हा "वाइन हृदयाला चांगली असते ना, डॉक्टर?" याचं माझं उत्तर: नाही. आवडते म्हणून थोडी घेत असाल तर तसं म्हणा, तब्येतीसाठी घेतो असं म्हणू नका. तब्येतीसाठी काही करायचं असेल, तर खूप दिवसांत न भेटलेल्या एखाद्या मित्राला आज फोन करा आणि सहलीची तारीख ठरवा.