विश्लेषण : कुत्र्याच्या तोंडाला वास येतोय? हिरड्यांचा आजार कसा ओळखाल, कसा टाळाल?

‘कुत्रा म्हटला की तोंडाला वास येणारच,’ असे म्हणत अनेक घरांत हे लक्षण सोडून दिले जाते. प्रत्यक्षात हा वास बहुतेकदा हिरड्यांच्या आजाराचा असतो. प्रौढ पाळीव कुत्र्यांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी हा एक आहे. सुरुवातीला तो पूर्ण बरा होतो, हाडापर्यंत पोहोचला की नाही.

आजार होतो कसा?

दातांवर जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, रोज साचतो. लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच तो कडक होतो आणि पिवळट-तपकिरी कीटण तयार होते. मात्र खरे नुकसान करतात ते हिरडीखाली शिरलेले जिवाणू. आधी हिरडी लाल होऊन सुजते. इथवर सफाई आणि ब्रशिंगने ती पूर्ववत होते. पुढे दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजते. ते परत येत नाही.

धोका कोणाला जास्त?

पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशंड अशा लहान जातींना. मोठ्या कुत्र्याइतकेच ४२ दात त्यांच्या छोट्या जबड्यात दाटीने बसतात. आजार बळावल्यास खालचा जबडा कमकुवत होऊन मोडूही शकतो.

कसे ओळखाल?

‘जेवतोय म्हणजे ठीक आहे’ हा गैरसमज आहे. दात दुखत असले तरी बहुतेक कुत्रे जेवण सोडत नाहीत. तोंडाला वास, खेळण्यावर रक्ताचे डाग, एकाच बाजूने चावणे, तोंडातून घास पडणे, डोळ्याखाली सूज, ही लक्षणे दिसली तर पशुवैद्यकाकडे जा.

भूल न देता केलेली सफाई चालते का?

ती स्वस्त असते आणि दात पांढरे दिसतात. पण जागा कुत्रा हिरडीखाली अवजार घालू देत नाही, एक्स-रेही काढू देत नाही. वरून चकचकीत, आत आजार तसाच, अशी फसगत होते. त्यामुळे वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनचाही या पद्धतीला विरोध आहे. भुलेची भीती वाटत असेल तर आधी रक्ततपासणी करून धोक्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

घरी काय कराल?

- रोज मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या गॉजने दातांची बाहेरची बाजू घासा. पिल्लू असतानाच सवय लावा.
- पेस्ट कुत्र्यांसाठीचीच घ्या. आपल्या काही पेस्टमधील झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी असते.
- हाडे, शिंगे, खूर चघळायला देऊ नका, दात तुटतात. नखाने दाबल्यावर खळगा पडेल इतकीच कडक वस्तू द्या.
- हिरड्या आधीच सुजल्या असतील तर ब्रशने दुखते. आधी डॉक्टर, मग ब्रश.

आज रात्री एवढेच करा : त्याचा वरचा ओठ हळूच उचला आणि मागच्या दाढा पाहा. हिरडीच्या कडेला लाल रेघ दिसली, तर वेळ अजून गेलेली नसेल.