मोठे टायर, उंचावलेले सस्पेन्शन आणि कायद्याची चौकट

पिकअप गाडीला कारखान्यातून आलेल्या टायरपेक्षा मोठे टायर बसविण्याची हौस आता डोंगराळ मुलखापुरती उरलेली नाही. मोठा टायर वळणावर मडगार्डला घासतो, म्हणून पुढचे सस्पेन्शन उंचावले जाते. टॉर्शन बार असलेल्या गाडीत समायोजनाचा बोल्ट आवळला की पुढचा भाग वर येतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत वरच्या टोकाशी धातूचा स्पेसर बसवितात. काम थोडक्या वेळाचे असते. परिणाम मात्र दूरवर जातात.

चाकाला खाली झेपावण्यासाठी जी मोकळीक असते, तीच यात खर्ची पडते. चारचाकी चालनाच्या गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांचा कोन वाढून ते लवकर झिजतात. चाकांची जुळणी बिघडते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

२४५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो, तर २६५/७५ आर १६ चा ८०४. म्हणजे जमिनीपासूनची उंची जेमतेम २७ मिलिमीटरने वाढते. पण वेगमापक ताशी ८० किलोमीटर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास धावते. चाकाच्या फेऱ्या मोजणारा वेगमर्यादकही तसाच फसतो. एवढ्या उंचीसाठी ही किंमत महागच म्हणावी लागेल.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उत्पादक, आयातदार व विक्रेते यांच्यासाठी अधिक कडक तरतूद आहे. बोल्ट आवळणाऱ्या रस्त्याकडेच्या गॅरेजचा मात्र त्यात उल्लेख नाही.

अंमलबजावणीचा प्रश्न याहून साधा आहे. टायरचा आकार त्याच्या बाजूवरच ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचण्यास यंत्र लागत नाही. मालवाहू वाहनास पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. तेथे हा आकार नोंदीशी ताडून पाहिला नाही, तर उरतो तो दंड, आणि तो अशा एका टायरच्या किमतीहूनही कमी आहे.