फुकट तिकिटाची पट्टी

मोंढ्यात माल घालून परत निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात जो कागद पडतो, त्याला आमच्या बीड जिल्ह्यात पट्टी म्हणतात. वरच्या अंगाला मालाचे वजन आणि भाव असतो, त्याखाली एकूण रक्कम, आणि मग सुरू होते वजाबाकी. हमाली, तोलाई, कडता, आणि आधी उचल घेतली असेल तर ती व्याजासह. सर्वांत खाली जो आकडा उरतो तो घेऊन माणूस एस. टी. स्टँडचा रस्ता धरतो. माझ्या वडिलांना अक्षरओळख जेमतेमच होती. पण पट्टी ते नेहमी खालून वर वाचीत. वरचा आकडा व्यापाऱ्याच्या तोंडचा आणि खालचा आपल्या खिशातला, असा त्यांचा हिशेब होता.

मी पडलो शिकलेला. अंबाजोगाईत गणित शिकविण्यात माझी चौतीस वर्षे गेली. म्हणूनच की काय, मी कागद वरून खाली वाचतो आणि फसतो.

गोष्ट मागील वर्षीची. आमची मुलगी आणि जावई लंडनजवळ राहतात. जावई कामानिमित्त वर्षातून सात-आठ वेळा विमानात चढतात, आणि प्रत्येक प्रवासागणिक विमान कंपनी त्यांच्या खात्यावर पॉइंट जमा करते. त्यांनी फोनवर सांगितले, "बाबा, आईंना घेऊन या. तिकिटाची काळजी करू नका, माझे पॉइंट साचलेत, तिकिटं फुकट निघतात." जावयाच्या पैशाने प्रवास करणे आमच्या पिढीला जड जाते. परंतु पॉइंट म्हणजे काही पैसे नव्हेत, अशी मनाची समजूत घालता आली. ही समजूत कंपनीनेच तयार करून ठेवलेली होती, हे मागाहून कळले. सौभाग्यवतींनी तर नातवाला पाहायला आम्ही फुकट जाणार ही वार्ता गल्लीभर केली.

तिकिटे मोबाइलवर आली. आम्हां जुन्या माणसांना कागद हातात असल्याखेरीज प्रवास खरा वाटत नाही, म्हणून ती छापून घेण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. कागद हाती देता देता तो म्हणाला, "सर, तुम्ही तर फुकट म्हणायलाव. इथं चौऱ्याहत्तर हजार भरलेत की!"

मी चष्मा चढविला. मूळ भाडे शून्य. त्याखाली "कर, शुल्क व आकार" ह्या मथळ्याचा रकाना, आणि त्याच्या तळाशी चौऱ्याहत्तर हजार रुपये. जावयांनी ते मुकाट्याने भरले होते आणि आम्हांला कळू दिले नव्हते. त्यांना खोदून खोदून विचारले तेव्हा समजले की, शिवाय दोघांच्या जाण्यायेण्यापायी त्यांच्या खात्यातून एक लाख वीस हजार पॉइंट वजा झाले. त्याच तारखांची रोखीची तिकिटे दोघांची मिळून एक लाख अठरा हजारांना मिळत होती. म्हणजे वाचले चव्वेचाळीस हजार. एक लाख वीस हजारांनी त्याला भाग द्या. एका पॉइंटची किंमत सदतीस पैसेदेखील पुरती भरत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण ज्याने केली त्याने विमान पाहिले नव्हते एवढेच.

परंतु रक्कम मोठी आहे, एवढेच माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या रकान्याशी.

त्या रकान्यातले काही आकडे खरोखरीच इतरांचे असतात. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशावर तेथील सरकार १९९४ सालापासून हवाई प्रवासाचा कर बसवते, आणि तो चांगला सणसणीत आहे. विमानतळ वापरल्याचे शुल्क असते. आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांचे असे दर २००८ च्या कायद्याने नेमलेले एक नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ते कोणालाही पाहता येतात. आपल्या सरकारचे सुरक्षा शुल्क असते. हे पैसे कंपनी प्रवाशाकडून घेते आणि ज्याचे त्याला पोचते करते. आमच्या चौऱ्याहत्तरांपैकी असे परक्याचे पैसे निघाले सुमारे तेहतीस हजार. त्यांविषयी माझी काही तक्रार नाही.

राहिलेले एक्केचाळीस हजार मात्र "वाय-क्यू" आणि "वाय-आर" अशा दोन गूढ खुणांपुढे मांडलेले होते. ह्या खुणा विमानांच्या धंद्यात जगभर चालतात, आणि त्यांचा अर्थ इतकाच की हा अधिभार विमान कंपनीने स्वतः लावला आहे. तो ना दिल्लीच्या सरकारकडे जातो ना लंडनच्या. ज्या तिजोरीने मूळ भाडे शून्य म्हणून औदार्य दाखविले, त्याच तिजोरीत तो मागील दाराने शिरतो. मग तो करांच्या रांगेत का बसतो? कारण कर म्हटले की आपला माणूस हुज्जत घालीत नाही. सरकारशी भांडून काय उपयोग, असे म्हणून तो खिशात हात घालतो. दुकानदाराने आपल्याच मालाच्या किमतीतून निम्मी रक्कम काढून तिच्यावर सरकारी शिक्क्याची सावली पाडावी, तशातला हा प्रकार आहे.

कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे. इंधन महाग होते, भाडे रोज बदलता येत नाही, सबब अधिभार. ठीक. पण २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल २०१६ च्या आरंभी तीस डॉलरच्याही खाली घसरले, तेव्हा हा अधिभार कोठे गेला? बहुतेक ठिकाणी तो जागच्या जागी राहिला. फक्त "इंधन" हा शब्द गळून पडला आणि "वाहकाने लावलेला आकार" असे त्याचे नवे बारसे झाले. कारण नाहीसे झाले तरी कार्य शिल्लक राहते, हा तर्कशास्त्रातला नवाच सिद्धान्त म्हणायचा. ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंटधारक प्रवाशांनी ह्याच प्रश्नावर २०१२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात सामूहिक दावा लावला. फुकट तिकिटावर घेतलेल्या इंधन अधिभाराचा इंधनाच्या भावाशी वाजवी संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे होते. खटला निकालापर्यंत गेला नाही. २०१८ साली कंपनीने कोट्यवधी डॉलरची तडजोड केली. जी कंपनी तडजोडीला येते तिचा हिशेब किती पक्का असतो हे मोंढ्यातले पोरसुद्धा सांगेल.

आणि हे करता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. जपानातल्या दोन्ही मोठ्या विमान कंपन्या इंधन अधिभाराचे कोष्टक आगाऊ छापतात. विमानाच्या इंधनाचा भाव अमुक तर अधिभार तमुक, आणि दर दोन महिन्यांनी त्याची फेरआखणी. २०१६ मध्ये तेल उतरले तेव्हा कोष्टकाप्रमाणे तो काही महिने शून्यावर आला. घेणारा घेतोच, पण कशाचे घेतो ते सांगून घेतो, आणि कारण सरले की हात आखडतो.

आपल्याकडे काय झाले तेही नमूद केले पाहिजे. मालवाहतुकीवरील इंधन अधिभार संगनमताने ठरविल्याबद्दल जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट ह्या तीन कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ साली एकूण सुमारे २५८ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला, आणि २०१८ मध्ये आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन जो दंड बसविला तो चोपन्न कोटींच्या घरात होता. हे मालाच्या पेट्यांबाबत. पेटीच्या जागी माणूस असेल तर त्याच्या अधिभाराची एवढीदेखील चौकशी झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक लबाड आहे. पॉइंट हे बक्षीस आहे, म्हणे. दात्याच्या गाईचे दात मोजू नयेत. ही गाय दानाची आहे हेच मुळी खोटे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ही योजना थाटात सुरू केली, तेव्हापासून पॉइंटची किंमत प्रवाशाच्या तिकिटातच धरलेली असते, आणि हे मी म्हणत नाही, जमाखर्चाचे नियम म्हणतात. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या लेखा-मानकाप्रमाणे कंपनीने तिकीट विकले की त्यातला पॉइंटपुरता भाग तिला लगेच उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही. ते देणे म्हणून मांडून ठेवावे लागते. म्हणजे तिच्या खतावणीत जे कर्ज आहे तेच आमच्या पट्टीवर दान होते! बँकांना तर हे पॉइंट रोख पैसे घेऊन विकले जातात, आणि बँका ते कार्डाबरोबर तुम्हांआम्हांला वाटतात. २०२० साली महामारीत विमाने जमिनीवर बसली तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने आपली पॉइंट योजनाच तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. सावकार बक्षिसावर कर्ज देत नाही; वसुलीची खात्री असलेल्या मालमत्तेवर देतो. मी आयुष्यभर मुलांना गुण दिले, काहींना हात आखडता घेऊन दिले हेही कबूल. पण दिलेला गुण घरी नेण्यासाठी कोणाकडून पैसे घेतल्याचे स्मरत नाही.

आता एक आक्षेप माझ्याच गावातून येईल, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. ज्या जिल्ह्यातली लाखो माणसे दिवाळी होताच कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात, ज्या जिल्ह्याला विमानतळ नाही, ज्याच्या मुख्य शहराला आगगाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तेथे विमानवाल्यांचे हे रडगाणे कशाला? असे विचारणाऱ्याला मी हसणार नाही. एवढेच सांगेन की लबाडी वरच्या वर्गात शिकून खालच्या वर्गात उतरते, कधी खालून वर जाते, आणि दोहोंकडे तिचा चेहरा एकच असतो. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्र सरकारने एक रुपयात पीक विमा आणला. अर्ज भरून देण्याबद्दल सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे चाळीस रुपये परभारे मिळत होते. तरीही शेतकऱ्याकडून शंभर, कोठे दोनशे घेतल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या. एक रुपयाच द्या, जास्त देऊ नका, असे कृषी खात्याला वारंवार जाहीर करावे लागले. ती योजना २०२५ च्या खरिपापूर्वी बंद झाली. त्या केंद्रचालकाने घेतलेला पैसा निदान बेकायदा होता, आणि त्याला कोणीतरी दटावू शकत होते. विमान कंपनी तेच काम छापील कागदावर, रकाना आखून, बिनबोभाट करते. आणि ज्यांची मुले पुण्यामार्गे परदेशी गेली अशी घरे आता आमच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. नातवंडांचे तोंड पाहण्यासाठी निघालेली ही म्हातारी माणसे आपण पोरांवर भार टाकीत नाही अशा समाधानात विमानात बसतात. ते समाधान खोटे ठरले तेव्हा सौभाग्यवती दोन दिवस धड जेवल्या नाहीत. ह्याची किंमत कोणत्या खुणेखाली मांडावी?

कायदा नाही असेही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या विक्री-युक्त्यांची जी यादी काढली तीत तेरा प्रकार आहेत. किंमत आरंभी पूर्ण न सांगता मागाहून थेंबाथेंबाने वाढवीत नेणे, हा त्यांतलाच एक. तो पॉइंटच्या तिकिटाला लावून दाखवा. पहिल्याच पानावर पॉइंट आणि रोख रक्कम शेजारी शेजारी छापायला लावा. कंपनीचा स्वतःचा अधिभार करांच्या रकान्यातून उठवून भाड्याच्या रकान्यात बसवा, म्हणजे "मूळ भाडे शून्य" हे वाक्य आपोआप खोटे पडेल. आणि हा अधिभारही पॉइंटांतून फेडण्याची मुभा प्रत्येक प्रवाशाला हक्काने द्या. आमच्या फळे-भाजीपाल्याच्या पट्टीतली अडत अशीच पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याच्या माथी होती. बाजार बंद पडेल अशी ओरड झाली, तरी २०१६ साली सरकारने ती खरेदीदाराकडे वळविली. बाजार अजून भरतात.

लंडनहून परतल्यावर मी त्या कंपनीला चार पानी पत्र लिहिले आणि एक्केचाळीस हजारांचा हिशेब मागितला. तीन आठवड्यांनी उत्तर आले. आमचा अभिप्राय त्यांना बहुमोल वाटला होता. अधिभाराविषयी त्यात एक ओळही नव्हती. मात्र झालेल्या गैरसोयीबद्दल जावयांच्या खात्यावर पाचशे पॉइंट सप्रेम जमा करण्यात आले असून ते ठरावीक मुदतीत वापरावेत, असे शेवटी लिहिले होते.